आकडा उतरेपर्यंत

द्राक्षगर्भ हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेला नसेल. गेला असलाच, तर नात्यातल्या एखाद्या बाईबद्दल, तोही हलक्या आवाजात आणि पुढे कोणी काही विचारू नये अशा बेताने. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २७ वर्षे दवाखाना चालवते आहे. एवढ्या काळात या आजाराच्या सात स्त्रिया माझ्याकडे आल्या. त्यांचे निदान सोनोग्राफीने झाले. उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि गरज पडली तेथे कर्करोगतज्ज्ञांनी केले. माझ्याकडे त्या आल्या त्या झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही अशा तक्रारी घेऊन. आणि जवळजवळ प्रत्येकीबरोबर घरातले एखादे वडीलधारे माणूस होते. कोणाची सासू, कोणाची आई, एकीबरोबर तर सासरे. हा लेख मुख्यतः त्या सोबत येणाऱ्या माणसांसाठी आहे. या आजारात औषधे आपले काम चोख करतात. परंतु उपचारांचे आणि देखरेखीचे जे सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष असते, ते त्या बाईला कसे जाईल हे बरेचसे घरातल्या ज्येष्ठांवर अवलंबून असते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

आधी आजाराविषयी. गर्भ रुजतो तेव्हा एकीकडे बाळ घडत असते आणि दुसरीकडे त्याला पोसणारी वार. द्राक्षगर्भात गर्भधारणा होते, पण वारेच्या पेशी भलत्याच वाढत सुटतात आणि त्यांचे पाण्याने भरलेले लहान लहान फोड तयार होतात, द्राक्षांच्या घोसासारखे. पूर्ण द्राक्षगर्भात बाळ घडतच नाही. अर्धवट प्रकारात गर्भाचे काही अंश असतात, पण तो जगू शकत नाही. साधारणपणे हजार गर्भारपणांत एक-दोनदा असे घडते. अगदी कोवळ्या वयात आणि चाळिशीनंतर थोडे अधिक. याचे मूळ बीजांच्या मीलनातच आहे. पूर्ण प्रकारात स्त्रीबीजातली गुणसूत्रे नाहीशी झालेली असतात आणि असतात ती सारी पुरुषबीजाकडून आलेली. अर्धवट प्रकारात बहुधा एकाच स्त्रीबीजात दोन पुरुषबीजे शिरलेली असतात. हे वाचून कोणी आता मुलाला बोल लावायला लागू नये. ज्या क्षणी हे घडते त्या क्षणी पोटात काही रुजले आहे हे कोणाला ठाऊकही नसते. पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली, जिना चढली, एसटीत हिसके बसले, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. हे वाक्य मी दवाखान्यात किमान तीनदा उच्चारते: एकदा त्या बाईसाठी, एकदा सोबतच्या माणसासाठी आणि एकदा पुन्हा त्या बाईसाठी.

उपचार म्हणजे गर्भाशय आतून रिकामे करणे, ज्याला आपल्याकडे ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात. बहुतेकींचा आजार तिथेच संपतो. मात्र पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरजणींतल्या पंधरा-वीसजणींत काही पेशी मागे राहून पुन्हा वाढू लागतात; अर्धवट प्रकारात हे प्रमाण बरेच कमी. अशा वाढीला मग गाठीचा आजार मानून औषधे द्यावी लागतात. क्वचित तिचे रूप वारेच्या कर्करोगाचे असते आणि तो सुखरूप बाळंतपणानंतरही उद्भवू शकतो. या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात, बीटा एचसीजी नावाचे. गरोदरपणाची चाचणी ज्याच्यामुळे होकारार्थी येते तेच हे. त्यामुळे पेशी उरल्या आहेत की नाहीत हे रक्ताच्या एका तपासणीवरून कळते. प्रथम दर आठवड्याला आणि आकडा उतरला की दर महिन्याला, अशी ही तपासणी चालते.

वैद्यकीयदृष्ट्या ही समाधानाची गोष्ट आहे. शरीरातल्या फार थोड्या गाठींचा ठावठिकाणा इतक्या नेमकेपणाने लागतो. पण घरात ती कशी उतरते ते पाहावे.

माझ्याकडच्या सातजणींपैकी एक सव्वीस वर्षांची होती. नवरा चाकणच्या एमआयडीसीत पाळीवर कामाला, शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी संध्याकाळी परतायचा. ती गावी सासू-सासऱ्यांजवळ. लग्नाला चार वर्षे झाल्यावर दिवस राहिले होते. उलट्या इतक्या की पाणी ठरेना, आणि घरात त्याचा आनंद, कारण सासूबाईंच्या मते डोहाळे कडक म्हणजे गर्भ धरून आहे. (उलट्या फार होणे हे या आजाराचे एक लक्षण आहे, पण ते निरोगी गरोदरपणाचेही असते, त्यावरून घरच्या घरी कोणी निष्कर्ष काढू नये.) तिसऱ्या महिन्यात अंगावरून जाऊ लागले. सोनोग्राफीत बाळ दिसले नाही. पडदाभर नुसते पांढरे ठिपके. दोन दिवसांत पुण्याला नेऊन पिशवी साफ केली. आठवड्याने सासूबाई तिला घेऊन माझ्याकडे आल्या. ती गप्प बसली होती. सासूबाई म्हणाल्या, “बाई, हिला जरा समजावा. बाळ नव्हतंच ते, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. नुसते फोड होते. मग रडायचं कशासाठी?”

सासूबाई कठोर नव्हत्या. उलट त्यांनी आठवडाभर सुनेला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. त्यांना वाटत होते की गेलेल्या वस्तूचे मोल कमी केले की दुःखही कमी होईल. नेमके हेच वाक्य सातपैकी पाचजणींना कोणी ना कोणी ऐकवलेले होते. सासूने, आईने, जावेने, आणि एकीला तर दवाखान्यातल्या कर्मचारी बाईने. ऐकणाऱ्या सुनेच्या मनात त्याचा अर्थ काय लागतो? तीन महिने तिने ज्याच्याशी मनातल्या मनात बोलणे केले ते काहीच नव्हते. म्हणजे तिला रडण्याचाही हक्क नाही. आणि वर आपल्या शरीराने आपल्याला फसवले ही लाज. गर्भपात झालेल्या स्त्रीला निदान ‘गेलं’ असे म्हणता येते. हिला तेही म्हणता येत नाही. त्यातच गाठ, तपासणी, कर्करोग हे शब्द येतात आणि घरातले सगळे तिच्या जिवाच्या काळजीने धास्तावतात, ते योग्यच असते. पण त्या गडबडीत मूल गेल्याची गोष्ट मागे पडते ती पडतेच.

याच सुमारास रक्तदाब मोजायला येणाऱ्या एका आजींशी झालेले बोलणे येथे सांगितले पाहिजे. वय ७९. माझ्या टेबलावर द्राक्षगर्भाच्या माहितीचे एक पत्रक पडले होते, त्यावर चित्र होते. आजींनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “माझं असंच पडलं होतं. थोरल्याच्या आधी.” लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, शेतात. रक्त इतके गेले की बैलगाडीत घालून नेले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. घोस बाहेर पडला की मगच कळायचे, आणि कित्येकींच्या बाबतीत तोवर फार उशीर झालेला असायचा. आजी वाचल्या. पुढे त्यांना चार मुले झाली, सगळी धडधाकट. त्या दिवसाबद्दल मात्र घरात कोणी एक शब्दही काढला नाही आणि त्यांनीही नाही, यजमानांकडेसुद्धा नाही. पट्टा काढून मी यंत्र मिटत होते, तेव्हा त्यांनी विचारले, “डॉक्टरबाई, ते बाळ होतं का नव्हतं?”

पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी हा प्रश्न जपून ठेवला होता. दोन्ही प्रकार असतात, तुमचा कोणता होता हे आता सांगता येणार नाही, असे मी सांगितले. मग म्हटले, “पण आजी, तुम्हाला दिवस गेले होते हे खरं. ते काही खोटं नव्हतं.” त्यांनी मान हलवली आणि पदराने तोंड पुसले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब मी पुन्हा मोजला नाही.

तेव्हापासून सोबत आलेल्या माणसांना मी एक बदल सुचवते. ‘बाळ नव्हतंच’ याऐवजी ‘तुला दिवस गेले होते, आणि ते राहिले नाहीत’ एवढेच म्हणावे. दोन्हींत शास्त्राशी प्रतारणा नाही. सव्वीस वर्षांच्या त्या सुनेच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना भीती अशी, की एकदा ‘बाळ’ म्हटले की सून उठायचीच नाही. माझा अनुभव उलटा आहे. ज्या घरात मोकळेपणाने रडू दिले गेले तिथल्या बायका लवकर उठल्या. अर्थात सात स्त्रियांवरून काही सिद्ध होत नाही. हे एका दवाखान्यातले निरीक्षण आहे, एवढेच समजावे.

या काळात शरीरही मनाला साथ देत नाही, हे घरच्यांना सहसा ठाऊक नसते. पिशवी रिकामी झाली तरी संप्रेरक लगेच उतरत नाही; आठवडे लागतात. मळमळ काही दिवस रेंगाळते, स्तन जड राहतात. संप्रेरक फार वाढलेले असेल तर थायरॉइडलाही चाळवते आणि हात थरथरतात, छातीत धडधडते. माणसे त्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतात. अशी धडधड डॉक्टरांना अवश्य सांगावी. एका मुलीने तर घरात पडून असलेली गरोदरपणाची चाचणी सहज म्हणून करून पाहिली आणि दोन ठळक रेषा पाहून न्हाणीघरातच बसून राहिली. चाचणी बिघडलेली नव्हती. तिचे रक्त अजून गरोदर असल्याचेच सांगत होते. घरात अशा उरलेल्या चाचण्या, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे, आणून ठेवलेले दुपटे असेल तर ते तिला विचारून बाजूला ठेवावे. विचारल्याशिवाय नाही. एका आईने मुलगी झोपली असताना सगळे आवरून टाकले, आणि त्या मुलीने आईशी चार दिवस अबोला धरला.

मग आठवड्याच्या आकड्याचा संसार सुरू होतो. सव्वीस वर्षांच्या त्या सुनेचा पहिला आकडा दोन लाखांच्या वर होता. पुढल्या आठवड्यांत तो झपाट्याने उतरला. दर सोमवारी रक्त द्यायचे, संध्याकाळी मोबाइलवर अहवाल यायचा. सासरे निवृत्त शिक्षक, अत्यंत नेमके. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिली जाते तिथेच, प्रत्येक सोमवारच्या चौकोनात लाल पेनाने आकडा लिहायला सुरुवात केली. आकडा उतरला की ते जोरात वाचून दाखवायचे. त्यांच्या परीने ते सुनेचे मनोबल वाढवत होते. सून मला म्हणाली, “मॅडम, रोज सकाळी चहा ठेवायला गेलं की माझा निकाल भिंतीवर. पाहुणे आले तरी तिथंच. मला वाटतं मी नापास होणार आहे आणि सगळ्यांना आधीच माहीत आहे.”

या आजारातल्या मानसिक त्रासाचे मर्म माझ्या मते त्या मुलीच्या या तीन-चार वाक्यांत आहे. दुखत काही नाही, बाहेरून दिसत काही नाही, आणि सगळे आयुष्य एका आकड्याला टांगलेले. सोमवार जवळ येऊ लागला की शनिवारपासूनच झोप जाते. नातेवाइकांचे फोन सोमवारीच येतात. मी सासऱ्यांना फोन केला. ते गोरेमोरे झाले असावेत, कारण बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी केले ते मात्र त्यांच्या स्वभावाला साजेसे: पान उलटून ठेवले, एक दोनशेपानी वही आणली, तिला कव्हर घातले आणि सुनेच्या हाती दिली. “तू लिही. दाखवावंसं वाटलं तर दाखव,” म्हणाले. तिने दोन आठवडे दाखवले नाही. तिसऱ्या सोमवारी वही आपण होऊन त्यांच्या खुर्चीवर ठेवली, कारण आकडा उतरायचा थांबला होता.

अकराशेच्या आसपास आकडा अडकला. सलग चार तपासण्यांत थोडा खाली, थोडा वर, पण तिथेच. याचा अर्थ पेशी मागे राहिल्या होत्या. छातीचा एक्स-रे झाला, कारण हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. तो स्वच्छ होता. रुग्णाचे वय, आकडा, गाठीचा आकार, आजार कुठवर गेला आहे, अशा गोष्टींना गुण देऊन आजार कमी जोखमीचा की अधिक जोखमीचा हे ठरवतात. सहापर्यंत गुण म्हणजे कमी जोखीम. तिची जोखीम कमी होती आणि अशा स्त्रिया जवळजवळ शंभर टक्के बऱ्या होतात. अधिक जोखमीच्या गटातही दहातल्या नऊपेक्षा जास्त बऱ्या होतात. पण ‘केमो’ हा शब्द घरात शिरला आणि सासूबाईंनी देवघरात बसून रडायला सुरुवात केली.

अशा वेळी मी आकडेवारी फारशी सांगत नाही, गोष्ट सांगते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वारेचा कर्करोग पसरला की तरुण बायका महिन्यांत दगावत. १९५६ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन तो बरा करून दाखवला. केवळ औषधांनी पूर्ण बरी झालेली ही कर्करोगाची पहिली घट्ट गाठ. त्या औषधाचा जन्म ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत झाला, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे यल्लप्रगडा सुब्बाराव होते. ते १९४८ मध्येच वारले, त्यांना हे यश पाहायला मिळाले नाही. ली यांची गोष्ट अधिक उपयोगी आहे. एक्स-रेमधल्या गाठी दिसेनाशा झाल्या तरी रक्तातले संप्रेरक शिल्लक आहे, म्हणजे रोग शिल्लक आहे, असे म्हणून ते औषध देतच राहिले. वरिष्ठांना हे पटले नाही आणि लींना ती संस्था सोडावी लागली. ज्यांचे संप्रेरक पूर्ण उतरेपर्यंत औषध चालले त्या बायकांचा आजार उलटला नाही. १९७२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत लीही होते. आज दर आठवड्याला जो आकडा बघायचा त्रास आहे तो त्या हट्टामुळे. आणि गर्भाशय न काढता आजार मुळापासून जातो तोही त्याच हट्टामुळे. ही गोष्ट सासरेबुवांनी दोनदा सांगायला लावली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

औषधाचे दिवस त्या घराने नीट निभावले. तिला मेथोट्रेक्सेटची इंजेक्शने एक दिवसाआड होती आणि मधल्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारे फोलिनिक ॲसिड. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच फेरा. याने केस सहसा जात नाहीत. तिला सर्वांत आधी हे सांगायला हवे होते, कारण आरशासमोर उभी राहून ती रोज विंचरलेले केस मोजत होती. तोंड येते मात्र फार. मऊ भात, ताक, गार केलेली पेज, मुगाची आमटी बिनतिखटाची. टोमॅटो आणि लोणचे बंद. काळजीवाहूंसाठी दोन गोष्टी ठळकपणे सांगते. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नये. त्यांतल्या काहींनी या औषधाचे विष अंगात साठते. आणि ताकदीच्या म्हणून ज्या गोळ्या घरात असतात त्यांत बहुधा फोलिक ॲसिड असते. नाव फोलिनिकसारखे असले तरी गोष्ट वेगळी आहे आणि ते औषधाच्या कामात अडथळा आणू शकते. मायेने दिलेली असली तरी कोणतीही गोळी तिच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी. ताप आला तर रात्र जाऊ देऊ नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

आता जे घरात बोलले जात नाही त्याबद्दल. या संपूर्ण काळात दिवस राहू द्यायचे नसतात. कारण साधे आहे: नवे गरोदरपण तेच संप्रेरक वाढवते, मग आकडा बाळामुळे चढला की आजारामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. केमो झाली असेल तर ती संपल्यावर साधारण एक वर्ष थांबायला सांगतात. मूल हवे म्हणून चार वर्षे नवस बोललेल्या मुलीला हाती गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट दिले जाते, यातली क्रूरता आपण ओळखायला हवी. ‘आता लवकर दुसरं होऊ दे, मग हे विसरशील’ हा आपल्याकडचा ठरलेला दिलासा येथे नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. नवराबायकोतले अंतरही वाढते. तिला स्पर्शाची भीती वाटते, त्याला वाटते आपल्यामुळेच हे झाले. चाकणचा तो मुलगा सहा महिने रविवारी आला की बापाबरोबर रानात जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. सासूबाईंनीच एका रविवारी रानातले काम काढून घेतले आणि दोघांना तिच्या आईकडे म्हणून पाठवून दिले. ती दोघे तिच्या आईकडे गेलीच नाहीत, कुठे घाटात बसून आली, हे त्यांना नंतर कळले. त्या म्हणाल्या, “मला काय, डबा दिला होता मी.”

जावेचे डोहाळजेवण, भावकीतले बारसे, हळदीकुंकवाची बोलावणी या दिवसांत यायचीच. तिला न्यावे की टाळावे? माझे मत, तिला विचारावे आणि तिच्या ‘नाही’ला कारण मागू नये. ‘शुभकार्यात हिची सावली नको’ असे म्हणणारी माणसे आजही आहेत. तिथे घरातल्या थोर बाईने एकदा आवाज चढवला की पुढचे महिने सोपे जातात. हे काम डॉक्टर करू शकत नाही.

परदेशातही हे दुःख काही वेगळे नाही. बोस्टनच्या न्यू इंग्लंड केंद्रात उपचार घेतलेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता, राग, थकवा, वैवाहिक संबंधांतल्या अडचणी आणि पुढच्या गरोदरपणाची भीती, हे सारे आजार पूर्ण बरा झालेल्या स्त्रियांतही दीर्घकाळ आढळले. ब्रिटनमध्ये १९७३ पासून अशा प्रत्येक स्त्रीची नोंद ठरावीक केंद्रांत होते, नमुने टपालाने जातात आणि फोनवर बोलायला अनुभवी परिचारिका असते. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार उत्तम मिळतात, पण सोमवारच्या संध्याकाळी फोन उचलणारी परिचारिका बहुतेकींना मिळत नाही. ती जागा घरातलेच कोणीतरी भरून काढते, किंवा मग रिकामी राहते.

दुःख आणि नैराश्य यांतला फरक मात्र ओळखावा. अधूनमधून रडणारी, पण खाणारी, बोलणारी, मालिका बघताना मध्येच हसणारी स्त्री दुःखात आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ जी पहाटे तीनला जागी होते, अंघोळीचा कंटाळा करते, कशातच मन घालत नाही, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे वारंवार म्हणते, तिला मानसोपचाराची गरज आहे आणि तो औषधांसह उपलब्ध आहे. जगणे नको असा शब्द एकदा जरी निघाला तरी तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. आणि सांभाळणाऱ्या सासूला किंवा आईला स्वतःला झोप येत नसेल तर तिनेही तो क्रमांक फिरवायला हरकत नाही. नातवंड तिचेही गेलेले असते.

पुढच्या गरोदरपणाविषयी सगळेच विचारतात. पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एक, म्हणजे नव्याण्णवजणींना होत नाही. मेथोट्रेक्सेटने गर्भधारणेची क्षमता जात नाही. पुन्हा दिवस राहिले की सुरुवातीलाच सोनोग्राफी करून घ्यायची, एवढी खबरदारी.

त्या सुनेचा आकडा पाचव्या फेऱ्यानंतर सामान्य झाला. मग नियमाप्रमाणे आणखी तीन फेरे आणि महिन्याच्या तपासण्या. शेवटची झाली त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. सगळे म्हणाले, सुटलीस. ती मात्र त्यानंतरच अधिक घाबरली, कारण आता बघणारे कोणी उरले नव्हते. दीड महिन्याने ती एकटी दवाखान्यात आली आणि म्हणाली, “मॅडम, एकदाच लिहून द्याल का? गरज नाही हे मला माहीत आहे.” वैद्यकीयदृष्ट्या गरज नव्हतीच. मी चिठ्ठी लिहून दिली. संध्याकाळी अहवाल घेऊन ती परत आली, दोनच्या खाली होता. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मग आठवल्यासारखे म्हणाली, “दादांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, त्याही लिहून द्या. आणि मीठ कमी करत नाहीत ते, तुम्हीच सांगा एकदा.”